लेबल प्रिंटर, आठ महिन्यांनंतर: रांग गेली, पण ‘ळ’ अडला

आम्ही तिघं इंदूरला छोट्या परिषदांची कामं घेतो. डॉक्टरांच्या सीएमई (त्यांचं पुढचं शिक्षण चालू ठेवणाऱ्या सभा), सीएंचे सेमिनार, मधूनच एखादी डीलर मीट. माणसं शंभर ते चारशे. बॅज आदल्या रात्री छापखान्यातून आणायचे, टेबलावर ओळीने मांडायचे, आणि सकाळी ज्याचा बॅज छापलेलाच नाही नेमका तोच गृहस्थ पोहे-जिलेबी आटपून सगळ्यांच्या आधी हजर. जानेवारी २०२३मध्ये इथे ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटरला प्रवासी भारतीय दिवस आणि पाठोपाठ ग्लोबल इन्व्हेस्टर्स समिट झाली. तेव्हापासून तर चाळीस जणांच्या बैठकीलाही गळ्यात छापील बॅज हवाच, असं माझं निरीक्षण आहे.

म्हणून ऑक्टोबरात थर्मल लेबल प्रिंटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली यंत्रं मला तरी एकाच माळेचे मणी वाटतात. शाई लागत नाही, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो. २०३ डीपीआय, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. लेबल आम्ही ७५ बाय ५० मिमीचं वापरतो. माणूस आला, फोनवर त्याचा क्यूआर स्कॅन केला, लेबल बाहेर, जाड कार्डावर चिकटवलं, दोरी गळ्यात. विजयनगरच्या एका हॉटेलात २६० डॉक्टर आले होते आणि उद्घाटनाच्या दहा मिनिटं आधी नोंदणीच्या टेबलापाशी कुणीही उभं नव्हतं. असं आमच्या धंद्यात पहिल्यांदाच झालं. इथवर यंत्राला पैकीच्या पैकी.

मग डिसेंबरात एका मराठी मंडळींच्या परिषदेचं काम आलं. बॅज मराठीतच हवेत, अशी अट. मी आदल्या दिवशी इंग्रजी नावांवर चाचणी घेतली आणि निवांत झोपलो. मूर्खपणा माझाच. सकाळी पावणेनऊला टेबलावरचा मुलगा ओरडला, “भिया, ये तो कुछ और ही छप रहा है!” ‘नितीन’ची पहिली वेलांटी ‘न’ला सोडून ‘त’च्या पुढ्यात बसलेली. ‘कुलकर्णी’तला रफार ‘णी’च्या डोक्यावर चढायलाच तयार नाही, र पाय मोडून खालीच उभा. कारण नंतर कळलं. फोनमधलं अ‍ॅप अक्षरं एकेक सुटी पाठवत होतं, आणि देवनागरीत वेलांटी मागे न्यायची, रफार वर चढवायचा, जोडाक्षर बांधायचं हे काम कुणीतरी करावं लागतं. ते ना अ‍ॅप करत होतं, ना प्रिंटर. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, “फॉन्ट बदलके देखिए.” तीन फॉन्ट बदलले. वेलांटी जागची हलली नाही.

उपाय शेवटी साधाच निघाला. अ‍ॅप सोडून दिलं. लॅपटॉपवर मेल मर्जने (म्हणजे यादीतलं एकेक नाव साच्यात आपोआप भरून) लेबलांची पीडीएफ करायची आणि यूएसबीने छापायची. प्रिंटरला अक्षरं जातच नाहीत, तयार चित्र जातं. ब्लूटूथवरून हेच चित्र पाठवलं तर पाच-सहा सेकंद रेंगाळतं, त्यामुळे वायर बरी.

बॅजवरच्या क्यूआरमध्ये सुरुवातीला हौसेने नाव, मोबाइल, ईमेल सगळं कोंबलं होतं. मजकूर वाढला की चौकटी बारीक होतात, आणि हॉटेलच्या पिवळ्या दिव्यात फोन ते वाचायला कुरकुरतो. शिवाय एक डॉक्टरबाई म्हणाल्या, “अहो, म्हणजे माझा नंबर कुणीही स्कॅन करून घेणार का?” मुद्दा बिनतोड होता. आता आत फक्त पाच आकडी नोंदणी क्रमांक. चौकटी ठसठशीत येतात, आणि क्यूआर बनवताना चूक-दुरुस्तीची ‘एम’ पातळी ठेवली की साधारण १५ टक्के भाग चुरगळला तरी वाचला जातो.

उन्हाळ्याने वेगळा धडा दिला. मे महिन्यात दोन रोल बंद गाडीत दुपारभर राहिले आणि कोरी लेबलं करडी होऊन बाहेर आली. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेले बॅज दुसऱ्या संध्याकाळपर्यंत फिके पडले, कारण त्या प्लॅस्टिकमधली द्रव्यं हा छाप खातात. खजुरी बाजारातून हौसेने आणलेली शंभरेक पाकिटं तशीच पडून आहेत. रोल बदलला की फीडचं बटण दाबून माप घ्यायला लावायचं, नाहीतर अर्धं नाव एका लेबलावर आणि अर्धं दुसऱ्यावर. (माझ्या यंत्रात बटण दाबून धरावं लागतं, तुमचं माहितीपत्रक बघा.)

पण खरी डोकेदुखी यंत्राची नव्हतीच. लोक फॉर्म इंग्रजीत भरतात. आम्ही ती नावं आपोआप देवनागरीत करून घेतली आणि पंचवीसेक ‘काळें’चे ‘काले’ झाले. साठे ‘सथे’ झाले. इथल्या हिंदीत ‘ळ’ नाहीच, त्यामुळे टेबलावरच्या मुलांना त्यात चूक दिसेना. एक सत्तरीचे काका बॅज हातात घेऊन चष्म्यातून बराच वेळ बघत राहिले. “आमच्या चार पिढ्या इंदुरात गेल्या, पण आडनाव अजून कुणी बदललं नव्हतं,” एवढंच म्हणाले, खिशातलं पेन काढलं आणि ‘ल’ गिरवून त्याचा ‘ळ’ केला.

आता फॉर्ममध्ये वेगळा रकाना आहे: ‘नाव मराठीत, तुम्ही लिहिता तसं’. यादी दोन दिवस आधी बंद करतो आणि आमच्यातला एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा तपासतो. चारशे नावांना दीड तास जातो.

फक्त इंग्रजी बॅज छापायचे असतील तर डोळे मिटून घ्या. मराठीत हवे असतील तर विकत घेण्याआधी दुकानातच ‘कुलकर्णी’, ‘नितीन’ आणि ‘श्रीकृष्ण’ छापून बघा, आणि तेही ज्या फोनवरून वापरणार त्याच फोनवरून. आमच्या टेबलावर प्रिंटरशेजारी कोऱ्या लेबलांची एक पट्टी आणि काळं मार्कर अजूनही असतं. गेल्या महिन्यात दोनदा लागलं.