व्हीलचेअरला जोडायचं मोटरचं चाक: सोलापुरात वर्षभर वापरल्यानंतर

घ्यायच्या विचारात असाल तर आधी एवढं सांगते: यंत्र चांगलं आहे, मी रोज वापरते आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर पुन्हा घेईन. पण पत्रकात 'एका चार्जिंगला ३० किलोमीटर' असं लिहिलेलं असतं, त्या आकड्याकडे बघून घेऊ नका. मी कुठवर जाऊ शकते हे बॅटरी क्वचितच ठरवते. फुटपाथची कड, गटारावरची फरशी आणि दुकानाची पायरी ठरवते. आणि बाहेर बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह आहे की नाही, हे ठरवतं.

माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत ताकद नाही, हात मात्र भक्कम. घर साखर पेठेच्या बाजूला, आमच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. अम्मा विड्या वळते, भाऊ पॉवरलूमवर आहे आणि मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. घरापासून कारखाना दोन किलोमीटरही नाही. तरी तिथं पोचायला भाऊ तरी लागायचा, नाहीतर ओळखीचा रिक्षावाला. शेअर रिक्षा माझ्यासाठी नव्हतीच, कारण घडी केलेली खुर्ची आत ठेवली की एका सवारीची जागा जाते आणि रिक्षावाल्याचं तेवढं भाडं बुडतं. त्याचंही खोटं नाही. म्हणजे शेजारच्या बाया थोडक्या पैशांत जिथं जातात तिथं जायला मला अख्खी रिक्षा करावी लागे. पैशाचं एक वेळ चालवून घेतलं, पण घराबाहेर पडायचं तर आधी कुणाला तरी विचारायचं, हे फार जड जायचं. लग्नाला येतेस का, असं मला कुणी विचारत नसे. भावाला विचारत, 'तिला आणणार का?'

यंत्र तसं साधं. पुढे एक चाक, चाकातच मोटर, वर सायकलसारखं हँडल, दांड्यावर बॅटरी. खुर्चीच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी अडकवलं की खुर्चीची पुढची दोन छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि खुर्चीची तीनचाकी गाडी होते. खरी करामत त्या उचलण्यात आहे. साधी खुर्ची अडते आणि माणूस पुढे फेकला जातो तो याच छोट्या चाकांमुळे. जाळीत, खड्ड्यात, दोन फरश्यांच्या फटीत तीच अडकतात. मोठं चाक त्यावरून सहज जातं. कारखान्यात पोचल्यावर मी यंत्र काढून दाराशी ठेवते आणि साध्या खुर्चीने टेबलापर्यंत जाते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओबोल्टमुळे हा प्रकार आपल्याकडे बऱ्याच जणांना कळला; माझं यंत्र त्या बनावटीचं नाही, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव मी इथे देत नाही. लायसन आणि नंबरप्लेटबद्दल सगळे विचारतात. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या हलक्या बॅटरी-वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतून सूट आहे. माझं त्यात बसतं. घेताना कागदावर हे दोन आकडे बघूनच घ्या.

जुनं सोलापूर या यंत्राला फार सोयीचं आहे, हे मला वापरल्यावर कळलं. पेठा एकमेकींना लागून आहेत. कन्ना चौक, बाळीवेस, मधला मारुती, नवी पेठ, पार्क चौक हे सगळं दोन-तीन किलोमीटरांत. हे शहर पायी चालणाऱ्यांसाठी वसलं. गिरणीचा भोंगा झाला की कामगार चालत निघायचे, विडीच्या बाया आजही चालत जातात. गल्ल्या अरुंद असल्यामुळे गाड्यांना वेग घेता येत नाही, आणि जिथं मोटारसायकलवालाही दहा-पंधराच्या वेगाने जातो तिथं मी कुणाच्या आड येत नाही. याउलट होटगी रोड, विजापूर रोडसारख्या रुंद रस्त्यांवर मला जास्त भीती वाटते. तिथं कडेला जागा असते, पण त्या जागेवर गाड्या लावलेल्या असतात, मग मी थेट ट्रकच्या रांगेत जाते.

नवी पेठेत संध्याकाळी जाऊ नका. सकाळी दुकानं उघडताना जा, दुकानदाराला वेळ असतो आणि तो माल बाहेर आणून दाखवतो. मी माझी पहिली साडी स्वतः निवडून घेतली ती तशीच, रस्त्यावर खुर्चीत बसून. त्याआधी माझ्या साड्या घरचेच आणत.

आता पाण्याचा दिवस. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्ली ओळखू येत नाही. दारोदार पाइप आडवे टाकलेले, ड्रम रस्त्यावर, फरश्या ओल्या. पाइपवरून पुढचं चाक तिरकं नेलं तर घसरतं, सरळ आणि हळू न्यायचं. या यंत्राची ताकद पुढच्या चाकात असते आणि माझं वजन मागच्या दोन चाकांवर. त्यामुळे चढावर भार आणखी मागे सरकतो, पुढचं चाक हलकं पडतं आणि ओल्या शहाबादी फरशीवर जागेवरच फिरतं. यावर उपाय एकच, चढताना अंग हँडलवर झुकवायचं. वळणावर वेग कमी करायचा, कारण खुर्ची उंच आणि अरुंद असते, जोरात वळवली तर एक चाक उचललं जातं. विकणारे या दोन्ही गोष्टी नीट सांगत नाहीत. घेण्याआधी चढावर आणि ओल्या जागेवर चालवून बघायला मागा, नुसत्या सपाट फरशीवर नको.

उन्हाळा सोलापूरचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो हे नवीन नाही, पण लिथियमच्या बॅटरीला तो मानवत नाही. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, काढून घरात सावलीला ठेवायची, गार झाली की लावायची. साध्या घरगुती प्लगवर चार-पाच तासांत भरते आणि वीजबिलात फरक जाणवलेला नाही. मला प्रत्यक्षात एका चार्जिंगला अठरा-वीस किलोमीटर मिळतात. गतिरोधक आणि खड्डे चुकवत थांबत-थांबत गेलं की त्याहून कमी.

पंक्चर मागच्या चाकाचं असेल तर काळजी नाही. ती सायकलच्या मापाची असतात, कुठलाही सायकलवाला काढतो. आमच्या चौकातल्या चाचांनी तर स्पोक आवळायचेही पैसे घेतले नाहीत. पुढच्या चाकाचं पंक्चर मात्र निस्तरायला अवघड, कारण मोटरची वायर आसातून बाहेर येते आणि चाक ओढलं तर ती तुटू शकते. चाचांना आम्ही पहिल्यांदा फोनवर व्हिडिओ दाखवला, आता ते सवयीने करतात. दुरुस्तीची खरी अडचण कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तेवढी सोडणारा भाग, गेला तेव्हा झाली. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचा माणूस सोलापुरात नाही, सुटा भाग यायला कित्येक आठवडे गेले आणि तेवढे दिवस मी पुन्हा भावाच्या भरवशावर. रोज स्वतः जायची सवय लागल्यावर ते दिवस आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा कठीण गेले. म्हणून किमतीची घासाघीस करण्यापेक्षा सुटे भाग किती दिवसांत देणार, हे लिहून घ्या. मला खुर्ची आणि यंत्र मिळून लाखाच्या आसपास पडलं, निम्मे पैसे भिशीचे.

कारखान्याच्या दाराला सहा इंचाची पायरी होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत रॅम्पचा उतार एकास बारा सांगितलाय, म्हणजे सहा इंचांना सहा फूट लांबी. मी मालकांना ते दाखवलं. ते म्हणाले, 'एवढी जागा रस्त्यात जाईल.' मग दाराच्या समोर न करता भिंतीला लागून आडवा रॅम्प केला. आता त्यावरून सगळ्यात जास्त कोण जातं? कापडाचे तागे ओढणारे हमाल. गुडघे दुखणाऱ्या शिलाईवाल्या मावशी. पार्सल नेणारी पोरं. 'तुमच्या एकटीसाठी' म्हणून जे झालं ते दिवसभर दुसरेच वापरतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

फुटपाथबद्दल त्याच मार्गदर्शिकेत कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी असं आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, त्यानंतर काही रस्ते खरंच चांगले झाले. त्या रस्त्यांवर फुटपाथला उतारही आहेत. पण उतारासमोरच डीपीचा खांब किंवा मोटारसायकल. बागेच्या दाराला गाड्या शिरू नयेत म्हणून लोखंडी नळ्या ठोकलेल्या, त्यातून खुर्ची जात नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, नियम जून २०१७ चे. आधीपासूनच्या सार्वजनिक इमारतींना सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा होण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सांगितलं. मी ज्या बँकेत जाते तिथं अजून तीन पायऱ्या आहेत आणि शिपाई फॉर्म बाहेर आणून देतो. तो भला माणूस आहे, पण माझ्या खात्यात किती शिल्लक आहे हे रस्त्यावर उभं राहून मोठ्याने सांगतो.

स्वच्छतागृहाचं स्पष्टच लिहिते, कारण पुरुष लिहीत नाहीत. कामाच्या जागेपासून लांब दोन-तीन तासांचं काम असेल तर मी सकाळपासून पाणी पीत नाही. खुर्ची आत वळेल असं दार मला शहरात फार थोड्या ठिकाणी सापडलं. या एका गोष्टीमुळे माझी बॅटरी अर्धी भरलेली असतानाच मी घरी परतते.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत मात्र वेगळंच सोलापूर बघायला मिळालं. भोगीच्या दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, शहरातल्या ६८ शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. कमरेच्या पट्ट्यावर तो उंच नंदीध्वज तोलून चालणाऱ्याचा पाय चुकून चालत नाही, म्हणून यात्रेच्या तोंडावर मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे बुजवले जातात, रस्ते झाडले जातात. मी बाळीवेशीपासून बाराबंदीवाल्यांच्या, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख घातलेल्या भक्तांच्या मागे बरंच अंतर गेले, कुणाची मदत न घेता. जन्मापासून ज्या गावात आहे त्या गावातली मिरवणूक मी गॅलरीतूनच बघत आले होते. एक मार्ग पायी चालणाऱ्यासाठी नीट ठेवायचा कसा, हे या शहराला शेकडो वर्षांपासून येतं. मग उरलेल्या दिवसांत तेच का होऊ नये, असं मी वॉर्डाच्या बैठकीत विचारलं. बैठकीला गेले तीही याच चाकावर.

आता जिथं हे यंत्र पुरत नाही ते. माझी पिन्नी, म्हणजे अम्माची धाकटी बहीण, कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची ती वसाहत, २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. त्याच कुंभारीत आता रे नगर उभं राहिलंय, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. स्वतःचं पक्कं घर ही केवढी मोठी गोष्ट आहे हे पिन्नीला विचारावं. पण काम, दवाखाना, नातेवाईक बरंचसं अजून शहरात, आणि मधे दहा किलोमीटरहून जास्त अक्कलकोट रोड. मी एकदा यंत्रावर गेले. एमआयडीसीच्या पुढे मोठे ट्रक शेजारून गेले की वाऱ्याने हँडल हलतं. पिन्नीकडे चार्जिंगला लावून, जेवून संध्याकाळी परतले. तो रस्ता मी कुणालाही सुचवणार नाही.

एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पिन्नी त्याचा पुरेपूर लाभ घेते. मलाही ते लागू आहे, पण दाराच्या उंच पायऱ्या चढता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने देशभरातल्या शहरांसाठी दहा हजार इलेक्ट्रिक बसची योजना जाहीर केली, त्यात सोलापूरचंही नाव आहे. बस वापरणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की बस किती येणार याबरोबर ती जमिनीपासून किती उंच असणार, हेही विचारा. लो-फ्लोअर बसचा मजला ४०० मिलिमीटरवर असतो, दारात उघडायची फळी असते. ती फळी टेकायला थांब्यावर पक्की कड लागते, आणि आमच्या भागात थांबा म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता खांब आणि त्याच्या पुढ्यात गटार. वॉर्डाच्या बैठकीत मी अशोक चौक ते कुंभारी या मार्गावरचे थांबे आधी बांधा, असा अर्ज दिलाय. त्यावर पिन्नीच्या गल्लीतल्या बायकांच्या सह्या आहेत, आमच्या शिलाईवाल्या मावशींच्याही आहेत. पोच मिळाली आहे, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.