खूप पळालेल्या पिकअपची रखडलेली देखभाल : एकदम उरकावी की टप्प्याटप्प्याने?

दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली पिकअप हाताशी असते, ती रोज माल वाहते आणि सकाळी पहिल्या चावीला सुरूही होते. पण इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर सोडले तर तिच्यात काय, केव्हा बदलले हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. वहीत नोंद नसलेले काम झालेलेच नाही असे धरून चालले, की कामांची यादी बघता बघता वीस-पंचवीसवर जाते. मग मालकापुढे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे गाडी आठवडाभर गॅरेजात उभी करून सगळे एकदाच उरकणे. दुसरा म्हणजे कामे वाटून घेऊन काही महिन्यांत ती संपवणे. दोन्ही मार्गांनी चालणारे लोक आपापल्या जागी बरोबर असतात, मात्र सगळ्या कामांना एकच मार्ग लावला की पैसे वाया जातात.

यापैकी काहीही ठरवण्याआधी गाडी खर्च करण्याच्या लायकीची आहे का, हे पाहावे लागते आणि ते इंजिनावरून नव्हे तर चेसिसवरून ठरते. इंजिन उतरवून बांधता येते, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो; परंतु पाट्यांचे (मागच्या लोखंडी स्प्रिंगांचे) शॅकल म्हणजे झुलते कडीजोड जिथे बसतात तिथली किंवा हौद्याखालची चेसिस आतून गंजून पोकळ झाली असेल, तर बाकीचे सगळे नवे सामान एका कुजक्या सांगाड्यावर चढवल्यासारखे होते. गाडीखाली शिरून लहान हातोडीने चेसिसवर टोले मारत गेले की निरोगी लोखंड खणखणीत वाजते आणि कुजलेल्या जागी आवाज बद्द येऊन पापुद्रे गळतात. त्यानंतर इंजिन गरम आणि चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. थोडी वाफ दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, पण धापा टाकल्यासारखे धुराचे झोत येत असतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्यावे. त्या तपासणीत एका सिलिंडरचा आकडा कमी असण्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. या दोन परीक्षांत गाडी नापास झाली, तर पुढची तुलना वाचण्याची गरज नाही. ती आहे तशी विकणेच शहाणपणाचे.

एकदम उरकण्याचा खरा फायदा मजुरीत आहे. पिकअपच्या कित्येक कामांत भाग स्वस्त असतो आणि त्याच्यापर्यंत पोचण्याची मेहनत महाग असते. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलण्यासाठी इंजिनाचा पुढचा भाग मोकळा केलाच असेल, तर त्याला ताणून धरणारा टेन्शनर, वळवणारा आयडलर, पुढचे ऑइल सील आणि, पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर, वॉटर पंपही त्याच बैठकीत बदलावा. एखादा भाग वाचवला आणि तो वर्षभराने गळू लागला तर तीच मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवला असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचा मागचा सील हा एकच संच समजावा. ज्यांची गाडी काही दिवस उभी राहिल्याने रोजगार बुडत नाही आणि ज्यांच्याकडे रक्कम एकरकमी आहे, त्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो. शिवाय त्या दिवसापासून वही कोरी सुरू होते, हा फायदाही लहान नाही.

त्याचा दोष मात्र काम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडा पडतो. समजा, एकाच दिवशी कूलंट, होज पाइप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि बेल्ट बदलले आणि नंतर चढावर तापमानाचा काटा वर जाऊ लागला. हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट सदोष निघाला आहे, पंपाचा गॅस्केट नीट बसलेला नाही, की हेड गॅस्केट आधीच खराब होता आणि गाळ साचलेले जुने पाणी ते झाकत होते, हे आता कोण सांगणार? प्रत्येक संशयित कालच बदललेला असतो. जुन्या गाडीत नव्या कामातून नवा बिघाड उद्भवणे हे नेहमीचेच आहे. कमी गोष्टी हलवल्या असतील तर तो शोधायला सोपा जातो, एवढेच.

टप्प्याटप्प्याने करण्याचे मोल इथे कळते, पण टप्पे कसे पाडायचे यावर सारे अवलंबून आहे. बहुतेक लोक स्वस्त कामे आधी आणि महाग कामे नंतर असे टप्पे पाडतात. ते चुकीचे आहे. जो भाग निकामी झाला तर माणूस जायबंदी होईल तो पहिला, जो इंजिन घेऊन जाईल तो दुसरा आणि जो फक्त खोळंबा करील तो तिसरा, असा क्रम लावावा.

पहिल्या टप्प्यात ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर येतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते; भरलेली गाडी लांब उतारावर उतरत असताना हा फरक पेडलखाली जाणवतो, कारण उकळलेल्या ऑइलची वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. मागच्या ड्रमचे लायनर पाहताना व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का तेही पाहावे. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलला जोडलेल्या दांडीवर चालणारा, भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो वर्षानुवर्षांच्या चिखलात जाम होतो, मग भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा पडतो किंवा रिकाम्या गाडीची मागची चाके अडकतात आणि बिचारा मेकॅनिक लायनर बदलत राहतो. टायरच्या बाबतीत नक्षी किती उरली एवढेच पाहून भागत नाही. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असलेला टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला असतो.

दुसऱ्या टप्प्याचा मुख्य मानकरी टायमिंग बेल्ट आहे. ज्या इंजिनांत बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तिथे या एका रबरी पट्ट्यावर सारे हेड अवलंबून असते. किलोमीटर कमी भरले तरी वर्षे भरली की तो बदलावाच लागतो आणि बाहेरून तो चांगला दिसणे हा कशाचाही पुरावा नसतो. इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड ऐकू येते का, याकडे लक्ष ठेवून हे काम मागे ढकलता येते. नोंद नसलेला बेल्ट ढकलू नये.

काही कामे अशी आहेत की ती एकदम करणे अपायकारकच ठरू शकते. इंजिनात गाळ साचला असेल तर फ्लश (गाळ विरघळवणारे रसायन) टाकून तो एका दमात सोडवण्यापेक्षा चांगले ऑइल भरून दीड-दोन हजार किलोमीटरवर ते फिल्टरसह पुन्हा बदलावे आणि तसे दोन-तीनदा करावे. एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसला, तर वाचवायला निघालेले इंजिनच कोरडे पडते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेही तसेच. त्याचा बोल्ट उघडल्यावर सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ऑइलभरल्या भागात, राहते. दर खेपेला ४० टक्के निघते असे धरले, तर तीन खेपांनंतर सुमारे ७८ टक्के ऑइल नवे असते आणि गिअरबॉक्सला हा बदल सावकाश पचवता येतो. ऑइल काळे पडून जळका वास मारत असेल आणि गिअर आधीच घसरत असतील, तर ऑइल बदलून गिअरबॉक्स बरा होईल ही आशा मी तरी धरणार नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांत असा पेच नाही, फक्त एक पथ्य आहे: आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, मगच खालचा उघडावा. उलटे केले आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर रिकामे हाऊसिंग घेऊन गाडी जिथल्या तिथे उभी राहते. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा मळ बोटांत चोळावा. शाईसारखी करडी पेस्ट ही वयाची खूण आहे, डिफरन्शियलच्या बोल्टवर टोचणारी कपची निघाली तर क्राऊन-पिनियन, म्हणजे त्याच्या आतले मुख्य दाते, उघडावे लागतील. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये उत्पादकाने जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल सांगितले असताना जीएल-५ भरू नये, कारण त्यातील गंधकयुक्त रसायने काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

तिसऱ्या टप्प्यात मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे बुश, शॉकअॅब्सॉर्बर, इंजिनाचे माउंटिंग असे सारे येते. हा टप्पा पुढे पुढे सरकत जाऊन कधी येतच नाही, हा टप्प्यांच्या मार्गाचा मोठा दोष आहे आणि स्वभाव तसा असेल तर एकदम उरकणेच बरे.

माझा कौल टप्प्यांना आहे, मात्र एकाच उघडणीत येणारी कामे फोडायची नाहीत. पहिला टप्पा गाडी पुढच्या वेळी भरण्याआधी, दुसरा महिन्याच्या आत आणि ऑइलच्या खेपा त्या त्या अंतरावर, असे वेळापत्रक रोज कमावणाऱ्या गाडीलाही झेपते, कारण ती एका वेळी एक-दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहत नाही. बेल्टची तारीख माहीत नसलेली गाडी मात्र यात बसत नाही. तिचा दुसरा टप्पा पहिल्याबरोबरच करावा आणि तोवर तिला लांबच्या भाड्याला पाठवू नये.