पुरुषांच्या कप्प्यातला बूट, माझा पाय आणि ४३० किलोमीटर

उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख आता निम्म्याच्या वर आलंय. गेलं ते माझ्याच हट्टापायी, आणि त्याच्या जाण्यायेण्यात माझे धावण्यासाठी बुटांचे तीन जोड झाले. त्यातल्या तिसऱ्या जोडाबद्दल, आणि तो जिथे मिळाला त्या दुकानाबद्दल, बरेच दिवस लिहायचं होतं. दोन दिवस घालून ‘एकदम मस्त, डोळे मिटून घ्या’ असं लिहिणाऱ्यांनी मला पूर्वी चांगलंच खड्ड्यात घातलंय, म्हणून थांबले होते. परवा वहीत बेरीज केली तर ४३० किलोमीटर भरले. आता लिहायला हरकत नाही.

बुटाचं परीक्षण लिहिणाऱ्याचा पाय कसा आहे हे ठाऊक नसेल तर ते वाचून काही उपयोग नसतो, म्हणून आधी माझा पाय. वय ४६. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर बसून लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ काढायचे. चवडा पसरट, टाच त्या मानाने अरुंद. दुसरं बोट अंगठ्याहून लांब. उजवा पाय डाव्यापेक्षा चार मिलिमीटरने मोठा, आणि हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. आठवड्यातून तीनदा धावते, चार-पाच किलोमीटर. वेग असा की झपाझप चालणारी माणसं मला मागे टाकतात आणि वर मान डोलावून प्रोत्साहनही देतात.

पहिला जोड घरातलाच, मुलीचे जुने बॅडमिंटनचे बूट. कोर्टवरचा बूट आडव्या हालचालींसाठी बनवलेला असतो. सोल सपाट, कडा भक्कम, टाचेखाली गादी बेताची. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो, आणि त्या बुटाने तो सगळा माझ्याकडे पोचता केला. पंधरा दिवसांत नडगी ठणकायला लागली. दोष बुटाचा, असं मी सगळ्यांना सांगितलं. निम्मा माझाही होता. एक मिनिट पळून दोन मिनिटं चालायचं, हे नवशिक्यांचं सरळ गणित सोडून पहिल्याच आठवड्यात मी न थांबता वीस मिनिटं पळाले होते.

दुसऱ्या जोडाची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. टाचेला जाडजूड फोम, आत कार्बनची पट्टी, रंग असा की रात्री दिवा लावायला नको. या जातीचे बूट २०१७च्या सुमाराला मॅरेथॉनमध्ये गाजायला लागले आणि पुढे इतके गाजले की २०२० मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्स या धावण्याच्या शर्यतींच्या जागतिक संघटनेला नियम करावा लागला: रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी ४० मिलिमीटरच्या वर नको आणि आत पट्टी एकच हवी. शहाण्या माणसाला यावरून कळायला हवं की हे हत्यार कुणाच्या हातातलं आहे. मला एवढंच कळलं की ज्याला नियम घालून आवरावं लागतं ते चांगलंच असणार. घरबसल्या मागवला, नंबर माझ्या चपलेचा.

त्या बुटाला वाईट म्हणणार नाही. जो माणूस किलोमीटर साडेतीन-चार मिनिटांत मारतो, त्याला ती पट्टी आणि तो हलका फोम पुढे ढकलत असेल. मला आठ-साडेआठ मिनिटं लागतात. माझ्या वेगाला तो मऊ गादीवर उभं राहिल्यासारखा डुलत होता. वळणावर घोटा बाहेरच्या बाजूला कलायचा आणि घरी आल्यावर पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. त्यात नंबर नेमका चपलेचा. चपलेत बोट पुढे सरकलं तर मोकळी हवा असते, बुटात भिंत असते. उतारावर प्रत्येक पावलाला दुसरं बोट त्या भिंतीवर आपटत राहिलं. आधी नख जांभळं झालं, मग काळं, आणि एके दिवशी मोज्याबरोबर निघून आलं. जोड परत करायला गेले तर विकणाऱ्यांनी तळाचे फोटो मागवले आणि ‘बाहेर वापरलेला माल परत घेतला जात नाही’ असं कळवलं. घरात वापरून धावायचा बूट कसा कळतो हे त्यांनी कळवलं नाही. अटी मात्र आधीच बारीक अक्षरात छापलेल्या होत्या, आणि माझा तर धंदाच बारीक अक्षरं वाचण्याचा.

मुलगी म्हणाली, “आई, तो बिकिला अनवाणी धावून ऑलिंपिक जिंकला. तुलाच एवढी नाटकं का?” बरोबर आहे. इथिओपियाचा ॲबेबे बिकिला १९६०ला रोममध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. पण त्या वेळी मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून त्याने ते घातले नाहीत, असं सांगतात. १९६४ला टोकियोमध्ये तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि वेळही तीनेक मिनिटांनी कमी घेतली. हे मी तिला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, “मग तूही बसणारेच घे की.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तिसऱ्या खेपेला धावण्याचेच बूट ठेवणाऱ्या दुकानात गेले. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि धावतानाही सुजतात. धावायचे मोजे पिशवीत घेऊन गेले, आणि जुने बूटही. दुकानातल्या मुलाने ते जुने बूट उलटे करून तळ पाहिला, आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

“ताई, बसून नाही. उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून.” मग त्याने पट्टीच्या साच्यावर दोन्ही पाय मोजले. डावा २४.१ सेंटीमीटर, उजवा २४.५. बसून मोजलं असतं तर दोन्ही कमी भरले असते. वजन पडलं की पाऊल पसरतं. माप मोठ्या पायाचं धरायचं आणि अंगठ्यापासून नाही, सर्वांत लांब बोटापासून. माझ्या बाबतीत दुसऱ्या. त्याच्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी आजवर कुठल्याही दुकानात पाहिलं नव्हतं. बायकांच्या कप्प्यातून माझ्या मापाचा बूट काढला, त्यातला सुकतळा ओढून बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, “यावर उभ्या राहा.” राहिले. टाच व्यवस्थित मावली. करंगळी आणि तिच्या मुळाशी असलेला चवड्याचा भाग मात्र कडेबाहेर ओघळला होता, पातेल्यापेक्षा मोठं झाकण ठेवल्यासारखा. बुटात पाय घातला की ही ओघळ दिसत नाही. वरचं कापड ताणून ती आत बसवतं, आणि दुकानातल्या दोन मिनिटांत तुम्हाला वाटतं, ‘जरा घट्ट आहे, पण सैल होईल.’ धावायच्या बुटाचं कापड चामड्यासारखं सैलावत नाही. जो पहिल्या दिवशी चावतो तो पन्नासाव्या दिवशीही चावतो.

“नंबर वाढवू का?” मी विचारलं. तो म्हणाला, “नंबर वाढवला तर लांबी वाढेल, ताई. तुम्हाला रुंदी पाहिजे.” आणि सरळ पुरुषांच्या कप्प्याकडे गेला. बुटांना रुंदीचंही माप असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बायकांच्या बुटाची नेहमीची रुंदी ‘बी’, पुरुषांची ‘डी’. म्हणजे त्यांचा साधा बूट तो आमचा रुंद बूट. अमेरिकन मापात पुरुषांचा आकडा बायकांपेक्षा साधारण दीडने कमी येतो, म्हणून आकडे जुळवताना गोंधळ उडतो. पण जिभेच्या आतल्या लेबलवर ब्रिटिश, अमेरिकन, युरोपियन आकड्यांच्या शेजारी बहुतेक वेळा सेंटीमीटरही छापलेले असतात. तो आकडा बाई-पुरुष भेद करत नाही. मी २५.५ घेतला. चपलेपेक्षा पूर्ण एक नंबर मोठा. काउंटरपाशी एक क्षण संकोच वाटला, खोटं कशाला बोलू.

दुकानाचे गुण सांगितले, आता एक उणं. चालत्या पट्ट्यावर पळायला लावून त्यांनी माझ्या टाचांचं मागून चित्रण केलं आणि पडद्यावर लाल रेघा मारून दाखवल्या: पाऊल आत कलतंय, म्हणून आधार देणारा बूट हवा. तो घालून पाहिला. कमानीखाली खडा ठेवल्यासारखं टोचलं. पाऊल थोडं आत कलणं हा धक्का पचवण्याचाच भाग आहे. शिवाय २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका अभ्यासात ९२७ नवशिक्या धावपटूंना सारखेच, कुठलाही खास आधार नसलेले बूट देऊन वर्षभर पाहिलं होतं. ज्यांचं पाऊल आत कलत होतं त्यांना साध्या पावलावाल्यांपेक्षा जास्त दुखापती झाल्या असं त्यात दिसलं नाही. हे मी त्या दुकानातल्या मुलाला सांगितलं तर तो हसून म्हणाला, “टोचतोय ना? मग ठेवा बाजूला.” वाद घातला नाही, हा त्याचा मोठेपणा. पण त्या लाल रेघा बघून घाबरून टोचणारा बूट घेऊन जाणारेही असतीलच. मी माझ्या नखाच्या अनुभवाने धीट झाले होते, एवढंच.

आता प्रत्यक्ष बूट. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. सांगितला तर माझा चवडा तुमच्या पायाला लावून बघाल. जात सांगते: रोजच्या धावण्याचा साधा बूट, पट्टीबिट्टी नाही. टाच पुढच्या भागापेक्षा आठ मिलिमीटर उंच. पूर्वीच्या बहुतेक बुटांत हा फरक दहा-बारा असायचा, काहींत आता शून्यही असतो. फरक कमी तितकं पोटऱ्यांना काम जास्त, म्हणून पोटऱ्यांचा एवढा अनुभव घेतल्यावर मी शून्याच्या वाटेला गेले नाही. फोम फार मऊ नाही. बोटाने दाबला तर दबतो आणि लगेच वर येतो.

घरी आणून पहिल्याच दिवशी एक अडचण आली. पुढे बोटांना मोकळं, पण टाच वर-खाली सरकायची. अरुंद टाच आणि पुरुषांचा बूट, हे होणारच होतं. बुटाच्या सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, मी ते आयुष्यभर शोभेचं समजत होते. लेस बाहेरून आत त्याच बाजूच्या त्या भोकात घालायची, म्हणजे दोन्हीकडे छोटे फास तयार होतात. मग उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्यातून, आणि खाली-मागे ओढून गाठ. टाच जागच्या जागी बसली. पुढच्या भोकांतल्या लेसी मात्र सैलच ठेवते, चवड्याला श्वास घेऊ देते.

४३० किलोमीटरनंतर: तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलाय. पाय तिथेच आधी टेकतो, त्यामुळे त्यात नवल नाही. फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या आल्यात. करंगळीपाशी कापड शाबूत आहे, आधीच्या जोडाला तिथे तीन महिन्यांत भोक पडलं होतं. ओल्या गुळगुळीत फरशीवर पकड जेमतेम, जपूनच चालावं लागतं. तळाच्या खाचांत बारीक खडे अडकतात आणि घरभर टकटक वाजतात. जीभ एका बाजूला घसरते, ती दर दोन दिवसांनी सरळ करावी लागते. लेसी उगाच लांब. रंग करडा, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. पण टोचणं, चावणं, फोड, यातलं काही एकदाही नाही. नडगी मध्ये एकदा दुखली. तेव्हा मी एकाच आठवड्यात अंतर दुप्पट केलं होतं, आणि ते बिल बुटाच्या नावावर फाडणार नाही.

दुकानाला पाचपैकी चार, एक त्या लाल रेघांचा कापला. बुटाला साडेचार, अर्धा जिभेचा.

असे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं धरतात, म्हणजे पुढच्या जोडाची वेळ जवळ येतेय. ‘जमलंय ना, मग तोच घ्यायचा’ म्हणून परवा दुकानात गेले तर त्या बुटाची नवी आवृत्ती आलेली. नाव तेच, पुढचा आकडा एकने वाढलेला, लेबलवर २५.५. सुकतळा काढून माझ्या जुन्या सुकतळ्यावर ठेवला. करंगळीच्या बाजूला नवा चांगलाच आत गेलेला दिसला. त्या मुलाने दोन्ही हातात धरून उजेडात पाहिले आणि म्हणाला, “ताई, पुढच्या आठवड्यात रुंदवाले येतायत. फोन करतो.”

मोजे पिशवीतच ठेवलेत.