ब्राह्म्सचं क्लॅरिनेट पंचक (ओपस ११५): आठ महिने वाजवल्यानंतर

आधी वाद्याचं बोलू. जर्मन संगीतकार ब्राह्म्सचं हे पंचक (क्लॅरिनेट आणि चार तारवाद्यं) ए क्लॅरिनेटसाठी आहे; ते नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटपेक्षा अर्धा स्वर खाली बोलतं. बी-फ्लॅटवर अर्धा स्वर खाली वाचून भागवायचं म्हटलं तर पहिला भाग चार शार्पांत (चार स्वर अर्ध्याने चढवून) जातो आणि अडाजो, म्हणजे संथ दुसरा भाग, चक्क सात शार्पांत. शिवाय बी-फ्लॅटचा खर्ज अर्धा स्वर आधीच संपतो. भाड्याने का होईना, ए मिळवाच.

पहिली चूक पाचव्या मापात (बारमध्ये) होते. दोन व्हायोलिनं सुरुवात करून देतात आणि क्लॅरिनेट खालून अलगद वर येतं. तिथे बहुतेक जण नवरदेवासारखी एन्ट्री घेतात! ज्याच्यासाठी हे १८९१ मध्ये लिहिलं तो रिचर्ड म्यूलफेल्ड माइनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदात आधी व्हायोलिन वाजवायचा, आणि त्याचं क्लॅरिनेट बॉक्सवुडचं होतं. आजचं वाद्य त्याहून भरदार बोलतं, म्हणून सुरुवातीला आवाज तुम्हाला वाटतो त्याहून एक पायरी खालीच ठेवा.

खरी परीक्षा अडाजोत. तारवाद्यांवर म्यूट (आवाज दाबणाऱ्या चिमट्या) असतात, त्यामुळे तुमचा हळू स्वरही मोठा ठरतो. रीड (मुखाशी थरथरणारी वेताची पट्टी) कडक असेल तर असा स्वर फुटतच नाही. अर्ध्या नंबरने मऊ घ्या. मधल्या हंगेरियन ढंगाच्या तुकड्यात क्लॅरिनेटच्या ताना मोकळ्या वाटतात, पण खाली तारवाद्यांचा ट्रेमोलो (थरथरते स्वर) स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर) बदलत असतो. नुसत्या स्वतःच्या पार्टवर तालीम केली की तान लांबते आणि बदल हुकतो. पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली प्रत) समोर ठेवून प्रत्येक बदल पेन्सिलीने खुणावा. वाद्य तोवर तापून चढलेलं असतं, तेव्हा या भागाआधी पुन्हा सूर लावा. छिद्रात पाणी साचलं तर सिगारेटचा कागद कामी येतो.

तिसरा भाग त्रास देत नाही. शेवटच्या भागात मूळ धुन आणि पाच व्हेरिएशन्स (तिचीच बदललेली रूपं) आहेत. शेवटचं ३/८ मध्ये जातं आणि त्यानंतर पहिल्या भागाची धुन परत येते. म्हणून लय मागून मोजा: आधी हे पुनरागमन बसवा, मग त्यावरून धुनेची गती ठरवा. उपान्त्य स्वरसंघ जोरात आणि अखेरचा हळू. तारवाद्यं तो पहिला जोर सोडायला तयार नसतात.

ए वाद्य मिळेपर्यंत ओपस १२० चे दोन सोनाटा घ्या. ते बी-फ्लॅटचेच, १८९४ चे, म्यूलफेल्डसाठीच लिहिलेले. सोबतीला फक्त पियानो लागतो.