ओमाहाचं सराव ॲप, आठ महिन्यांनंतर: उजळणारी पानं बंद ठेवा

ओमाहा हा पोकरचा एक प्रकार, आणि त्याच्या सरावाच्या माझ्या ॲपमध्ये हात जुळला की ती पानं आपोआप उजळायची. जूनच्या अपडेटनंतर ती उजळायची बंद झाली आणि मी कंपनीशी तीन आठवडे भांडलो. आता ती सोय परत आलीय, आणि मी सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः बंद करून टाकलीय. हा रिव्ह्यू त्यासाठीच लिहितोय.

ॲपचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. पैसे लावायची सोय यात नाही, नुसत्या खोट्या चिप्स आणि समोर कॉम्प्युटरचे पाच खेळाडू. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, त्यानंतर मी मुद्दाम असंच शोधत होतो. महिन्याचा प्लॅन महाग पडत होता म्हणून वर्षाचे 1,499 रुपये एकदम भरले. शिकायचं होतं, आणि भरलेले पैसे वसूलही करायचे होते.

होल्डेम (पोकरचा दुसरा प्रकार, हातात दोनच पानं) येणाऱ्याला ओमाहाचे नियम पाच मिनिटांत कळतात. चार पानं हातात, पाच टेबलावर, हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन. ॲपमध्ये फ्लश (पाचही पानं एकाच रंगाची, म्हणजे सगळे बदाम वगैरे) किंवा स्ट्रेट (पाच लागोपाठची पानं) लागला की ती पाच पानं पिवळी व्हायची. मला ते फार आवडायचं. पहिल्या चार महिन्यांत विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग मे महिन्यात डोंबिवलीला मित्राकडे शनिवारी खऱ्या पत्त्यांवर बसलो. टेबलावर चार बदाम, माझ्या हातात बदामचा एक्का. मी पानं खाली टाकून "फ्लश!" म्हणालो आणि चिप्स ओढायला हात पुढे केला. वहिनींनी माझी चारही पानं एकेक करून सरळ केली आणि शांतपणे विचारलं, "भावोजी, हातातला दुसरा बदाम कुठाय?" नव्हताच. हातात एकच बदाम असेल तर टेबलावर पाचही बदाम आले तरी ओमाहात फ्लश होत नाही. चार महिन्यांत हजारभर डाव खेळून हे मला माहीत होतं, पण दिसत नव्हतं. बघायचं काम ॲप करत होतं.

तरी तेव्हा दोष ॲपला दिला नाही. जूनमध्ये उजळणं बंद पडल्यावर मात्र भडकलो. तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर: कॅश क्लिअर करा, ॲप पुन्हा टाका. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले, नकार आला. पैसे वाया जाऊ द्यायचे नाहीत म्हणून तसंच खेळत राहिलो.

आणि त्या तीन आठवड्यांत ओमाहा आला. चार पानांत दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक फ्लॉपला, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडली की, मी सहाही जोड्या तोंडाने म्हणायचो. त्यातून कळलं की हातात चार एक्के येणं हा भिकार हात आहे: दोनच वापरता येतात आणि तिसरा एक्का टेबलावर येणं शक्यच नाही. तीन सारखी पानं आली तरी तीच रड.

उलट गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की असा हात होल्डेमवाल्याला कचरा वाटेल. फ्लॉपला नव्वी, अठ्ठी, दुर्री आली की बघा: राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी, यातलं काहीही आलं तरी स्ट्रेट. मोजून 20 पानं. होल्डेममध्ये दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटला 8 मिळतात. ओमाहातल्या या 20 पानांच्या संधीलाच रॅप म्हणतात. मी हे बोटावर मोजलं त्या रात्री झोप आली नाही.

एक धोका मात्र ॲप नीट दाखवत नाही. फ्लॉप दश्शी-नव्वी-अठ्ठी, तुमच्याकडे राणी-गुलाम, म्हणजे त्या क्षणी सगळ्यात मोठा हात. समोरच्याकडेही राणी-गुलाम, शिवाय त्या रंगाचं आणखी एक आलं की फ्लश होईल अशी दोन पानं. इथे तुम्ही जास्तीत जास्त पॉट (मधे जमलेल्या चिप्स) वाटून घ्याल, तो मात्र पूर्ण नेऊ शकतो. नवख्याचा ढीग इथेच रिकामा होतो. म्हणून हात निवडतानाच चारही पानं एकमेकांना धरून आहेत का, रंग दोन-दोनचे आहेत का, ते पाहायचं. एक्क्यांची जोडी साधारण 39 हातांत एकदा येते, होल्डेममध्ये 221 मध्ये एकदा, त्यामुळे तिचं अप्रूप इथे कमी ठेवा.

जास्तीत जास्त रक्कम लावणाऱ्या 'पॉट' बटणावरही राग आहे. 100 चा पॉट, समोरच्याने 50 लावले, तर तुम्ही एकूण 250 पर्यंत जाऊ शकता: 50 कॉलचे, म्हणजे समोरच्याशी बरोबरीचे, त्यानंतर 200 चा पॉट झाला म्हणून वर 200. ॲप नुसता आकडा देतं, हिशोब दाखवत नाही. कागदावर मांडल्याशिवाय मला तो पटला नव्हता.

ॲपला साडेतीन स्टार, सर्व्हिसला एक. घेणार असाल तर आधी एका महिन्याचेच पैसे भरा, आणि सेटिंगमध्ये 'डिस्प्ले'खाली जाऊन उजळणं पहिल्याच दिवशी बंद करा. माझं वर्ष संपायला अजून चार महिने आहेत. पैसे परत मिळावेत म्हणून चौथा मेल काल पाठवलाय.