खुशीची भरती की सक्तीची?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, नावातच फौज. आमच्याकडं पहाटे पाचला पोरं डांबरीवर १६०० मीटर पळतात, कडेला एकजण मोबाईलवर वेळ धरून उभा. इथली भीती एकच, भरती हुकली तर? आणि लागलं तरी अग्निवीर चार वर्षांचाच, पुढं कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

रशियात उलटी तऱ्हा. शेजारचा मुलूख घ्यायला फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर फौजा घातल्या, आणि २१ सप्टेंबरला राखीव माणसं बोलावण्याचा हुकूम निघाला, आकडा ३ लाखांचा. जॉर्जियाच्या सीमेवरच्या लार्स नाक्यावर देश सोडून पळणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागली; काहीजण चक्क सायकलवरनं पलीकडं गेले. युक्रेननंही २०२४मध्ये सक्तीचं वय २७ वरनं २५ केलं, पण तो घर राखायला लढतोय. दोघांना एका तागडीत कसं घालायचं?

मला विचाराल तर खुशीचीच बरी. पोटासाठी जाणाऱ्याची खुशी किती खरी, हा प्रश्न आहेच म्हणा. पण आमच्या पोराला नको वाटलं तर बूट काढून उसाला पाणी पाजायला जाता येतं. लार्सच्या रांगेतल्याला माघारी घरी जायचीच चोरी होती.