रेझिनच्या बटणांवर तांब्याचा मुलामा: घरगुती प्लेटिंग किट वापरून पाहिलं

जुन्या रेडिओंची तुटलेली, हरवलेली बटणं रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर (द्रव रेझिन थराथराने घट्ट करून वस्तू घडवणारं यंत्र) नव्याने काढून देणं हा माझा जोडधंदा. आकार हुबेहूब येतो, कडेचे दातेही नीट येतात. पण हातात घेतलं की पितळ उघडं पडतं! क्रोमचे स्प्रे मारून झाले. लांबून झकास दिसतात, पण बोटाला गार लागत नाहीत आणि सतत फिरवून कडांचा रंग उडतो. म्हणून हे तांब्याचं किट घेतलं. त्यात ग्रॅफाइटचा वाहक रंग, मोरचूद आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं तयार द्रावण, तांब्याच्या पट्ट्या आणि करंट बांधून ठेवता येणारा छोटा पॉवर सप्लाय येतो.

काम चोख करतं, हे आधी सांगून टाकते. रेझिनमधून वीज जात नाही, म्हणून बटणाला काळा रंग लावून वाळवायचा, तार जोडून ते ऋण टोकाला लटकवायचं आणि पट्टी धन टोकाला. करंट सुरू केला की आधी काहीच होत नाही. मग तार जिथे टेकते तिथे गुलाबीसर ठिपका उमटतो आणि तिथून तांबं काळ्यावर पसरत, दाते ओलांडत पुढे सरकतं. सगळं बटण झाकेपर्यंत करंट कमी ठेवायचा, मग वाढवायचा. माझी मोठी बटणं साधारण ३० चौरस सेंटिमीटरची, त्यांना ०.३ अँपिअर पुरतो. या हिशेबाने तासाला १३ मायक्रॉन थर चढतो, म्हणजे १०० मायक्रॉनला साडेसात तास. घाई करून करंट वाढवला की तांबं जळतं: कडांवर काळपट, खरखरीत दाणे येतात आणि ते घासूनही धड जात नाहीत.

एवढ्या थराने वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम वाढतं. तरी बोट टेकलं की गारवा लागतो आणि टेबलावर ठेवताना टक् असा आवाज येतो. माझ्या गिऱ्हाइकांना हवं असतं ते नेमकं हेच. आरशासारखी चकाकी हवी असेल तर मात्र जरा थांबा.

कारण मुलामा काही झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो. राखाडी रेझिनवर डोळ्याला न दिसणाऱ्या थरांच्या रेघा तांबं चमकवल्यावर दुरून मोजता येतात. किटच्या माहितीपत्रकात यावर एकच वाक्य आहे: पृष्ठभाग स्वच्छ करून घ्या. बस्स! खरं तर निम्मं काम तिथेच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, यूव्हीखाली पूर्ण पक्कं करायचं, फिलर प्रायमर (बारीक खाचा भरणारा अस्तराचा रंग) मारायचा आणि ४०० पासून १००० नंबरपर्यंत काचपेपर चालवायचा. कच्चं राहिलेलं रेझिन चिकट असतं. त्यावर रंग धरत नाही आणि द्रावणही बिघडतं. शिवाय कारखान्यात एबीएस प्लास्टिकवर प्लेटिंग करताना त्यातले रबराचे कण अ‍ॅसिडने खाऊन सूक्ष्म खड्डे पाडतात आणि धातू त्यात रुततो. आपल्या रेझिनमध्ये तसे कण नाहीत. पकड येते ती काचपेपरच्या ओरखड्यांतून आणि तांब्याचं कवच सगळीकडून बंद झालं की त्यातून.

दात्यांच्या बाबतीत एक गंमत आहे. वीज टोकांकडे धावते, त्यामुळे दात्याच्या माथ्यावर थर जाड आणि खाचेत पातळ बसतो. म्हणून मी मॉडेलमध्येच खाच थोडी रुंद आणि खोल ठेवते. पट्टी बटणापासून दूर ठेवून द्रावण ढवळत राहिलं तरी फरक पडतो. ६ मिलिमीटरच्या दांड्यासाठी ठेवलेल्या भोकाच्या तोंडाशी कडेला जाड थर धरतो आणि बटण बसेनासं होतं, म्हणून भोकात आधीच मेण भरते. बटण पोकळ छापू नका. आत शिरलेलं द्रावण नंतर हळूहळू पाझरतं आणि निळसर खडे बाहेर येतात.

उघडं तांबं काळवंडतं. त्यावर लाखेचा हात द्या किंवा निकेल चढवा. निकेल टणक असतं आणि जुन्या बटणांसारखा पिवळट पांढरा रंग देतं, पण काही जणांच्या कातडीला ते सोसत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी विचारते. खऱ्या क्रोमच्या वाटेला घरी जाऊ नका. त्या पद्धतीत बहुधा वापरतात ते षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. दुसरं म्हणजे तापणाऱ्या भागांना हा मुलामा नको. रेझिन उष्णतेने तांब्याच्या कितीतरी पट फुगतं आणि कवचाला तडा जातो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या रेडिओतही बाहेरच्या बटणांपुरतंच मी हे वापरते.

हातमोजे आणि चष्मा न घालता द्रावणाला हात लावायचा नाही. ते मोरीत ओतायचं तर मुळीच नाही, तांब्याने मासे मरतात. घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचं. तशी ती वेळ लवकर येत नाही म्हणा, कारण बटणावर बसतं तेवढं तांबं पट्टीतून विरघळून द्रावणात परत येतं. संपतो तो रंग. बाटली एवढीशी, आणि बटणाला दोन हात तरी लागतातच. पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो त्या माहितीपत्रकासाठी. रंगाची जादा बाटली किटसोबतच मागवून घ्या.